तिसऱ्या मजल्याचं तेल

धाकटीचं तेल धाकटीला परत करायचं, हे बाईंनी ठरवलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून फरशी पुसत होत्या. सिंकच्या जाळीतून वर आलेलं पाणी ओट्यावरून खाली उतरलं होतं. पाणी कसलं, राखाडी लगदाच, आणि त्यात मेणासारखे पांढरे गोळे. फडकं पिळलं की ते बोटांना चिकटत आणि साबणालाही दाद देत नसत.

खिडकीबाहेर, जिन्यापाशी, त्यांची धाकटी जाऊ बालवर्गातल्या एका कुरळ्या केसांच्या मुलीच्या आईशी बोलत होती. आवाज हळू ठेवल्यासारखा, पण नेमका खिडकीतून आत यावा असा.

"काय सांगू, जाऊबाईंचं आता वय झालं. स्वच्छता जमत नाही त्यांना. तुम्हालाही वास येतो ना?"

"वास तर येतोच," मुलीची आई म्हणाली.

"तेच तर! एवढीशी लेकरं त्या वासात बसतात, माझ्या पोटात तुटतं हो. पण मी बोलले असं म्हणू नका बरं का. घरचं माणूस आहे."

बाईंनी फडकं बादलीत टाकलं. फरशीवरचा एक पांढरा गोळा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. आतमध्ये तळणातला जळका चुरा दिसत होता. बाई एकट्या राहायच्या, वरणभात आणि भाजीवर भागवायच्या. त्यांच्या घरात कढई महिनोन्महिने खाली उतरत नसे.

दुसऱ्या दिवशी ती कुरळ्या केसांची मुलगी वर्गाला आली नाही.

बाईंनी सगळी नोकरी शाळेत लहान मुलांना शिकवण्यात घालवली होती. यजमान गेले, नोकरी संपली, तेव्हा त्यांनी तळमजल्यावरच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बालवर्ग सुरू केला. ठेंगणी बाकं, भिंतीवर अक्षरं, आणि टेबलाच्या खणात चमकत्या कागदाच्या चांदण्या. ज्याने दिवसभरात एखादी गोष्ट नीट केली, त्याच्या मनगटावर निघताना एक चांदणी. ती मिळावी म्हणून मुलं स्वतःहून चपला ओळीने लावत. घरात दुसरं कुणी नव्हतं. सकाळी दारात तो कलकलाट झाला की बाईंचा दिवस उजाडायचा. आता वासामुळे एकेक मूल गळत होतं. खोली भरून असायची ती अर्धी झाली होती.

धाकटी आणि भावजी, म्हणजे बाईंचे दीर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. धाकटीचा तळणाचा धंदा होता. दुकानांच्या ऑर्डरी यायच्या आणि दुपारभर वर कढया चढलेल्या असायच्या. मोठ्या कढया तिसऱ्या मजल्यावर चढवणं तिला जड जात होतं, आणि तळमजल्याच्या पुढच्या खोलीवर तिचा कधीपासून डोळा होता. "जाऊबाई, तुम्हाला मागची खोली पुरे आहे की," असं ती हसत हसत दोनदा म्हणून बसली होती.

तिची तेलाची रीत सासूबाईंकडून आलेली. दोघी सुना एकाच सासूच्या हाताखाली शिकल्या. तेव्हा घर बैठं होतं, मोरीतलं पाणी दोन पावलांवर उघड्या गटारात पडायचं. सासूबाई सांगायच्या, "तेलकट ओतलं की मागून उकळतं पाणी ओतायचं. मोरी लख्ख राहते." त्या घरात ते खरंच होतं. पण इथे चारी घरांच्या सिंकांचं पाणी एकाच उभ्या नळीत पडतं. ती नळी तिसऱ्या मजल्यावरून सरळ खाली येते आणि जमिनीपाशी वळून आडवी होते. उकळत्या पाण्याने तेल पातळ होऊन धावत खाली येतं. येता येता पाणी निवतं, आणि त्या वळणावर तेल थिजून बसतं. वर धाकटीची नळी लख्ख, खाली बाईंच्या सिंकखाली मेणाची भिंत.

बाईंनी हे तिला एकदा समजावूनही सांगितलं होतं. एका वाटीत वितळलेलं वनस्पती तूप घेऊन, ती वाटी गार पाण्यात ठेवून, तूप कडेला कसं धरतं ते दाखवलं होतं. धाकटीने वाटीकडे पाहिलंच नाही.

"जाऊबाई, माझी नळी इतक्या वर्षांत एकदा तरी तुंबली का? नाही ना? मग? सासूबाईंनी शिकवलेलं चुकीचं, आणि तुमचं बरोबर? ती वाटी-चमच्याची शाळा तुमच्या पोरांपुढे करा. मला काही मनगटावर चांदण्या चिकटवायच्या नाहीयेत."

आणि पदराने नाक झाकून ती जिना चढून गेली होती. स्वतःच्याच तेलाच्या वासाला नाक झाकून.

बाई शिकवण्याच्या बाबतीत सोशिक होत्या. एखाद्या पोराला 'क' येईना, तर त्या महिनाभर तोच 'क' हसतमुखाने गिरवून घेत. हीच चिकाटी सुडाला लावली तर काय होतं, हे त्या घरात अजून कुणी पाहिलं नव्हतं.

नेहमीचा नळवाला आला. गडी बोलका होता. त्याने वळणात तार घालून फिरवली, तेव्हा घर गुळगुळ आवाजाने भरलं आणि पाणी एकदाचं गेलं.

"झालं बाई. पण लिहून ठेवा, महिन्याभरात मला परत बोलवाल. भिंतीचं तेल निघत नाही तारेनं. नुसतं भोक पडतं."

"पाणी खाली जाईल पण वर येणार नाही, असं काही बसवता येतं का रे?"

"येतं की. झडप म्हणतात. आपलं पाणी गेलं की पट्टी मागून मिटते. वरून दट्ट्या फिरवून कायमची बंदही करता येते." मग त्याने डोकं खाजवलं. "पण एक सांगतो, बाई. तुमचं तोंड बंद झालं, तर तुंबलेलं पाणी जाणार कुठे? पहिल्या मजल्याच्या सिंकातून निघणार."

"पहिल्या मजल्यावर शिंपीकाका राहतात," बाई म्हणाल्या. गेल्या आठवड्यात जिन्यात चार लोकांसमोर शिंपीकाका म्हणाले होते, "बाई, पोरांना शिकवता स्वच्छता, आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार?"

"मग? बसवू का नको?"

"बसव."

महिना जायच्या आतच वळण पुन्हा भरलं. बाईंनी दट्ट्या घट्ट फिरवला आणि आपली भांडी न्हाणीघरात धुतली. तिथली नळी वेगळी होती. दुपारी वरून शिंपीकाकूंची किंकाळी ऐकू आली. बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली नाही. चांदण्या कापत राहिल्या.

संध्याकाळी काका तणतणत खाली आले. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, हाताला तोच वास.

"बाई, तुमच्या घरातली घाण आमच्याकडे आली!"

"माझ्या घरातली?" बाईंनी त्यांना आत बोलावलं, कोरडं सिंक दाखवलं, झडप दाखवली. "काका, तुमच्या सिंकात जे आलं ते हातात घेऊन पाहिलंत? तळणाचा चुरा होता का त्यात?"

काकांनी हाताचा वास घेतला, मग वर छताकडे पाहिलं.

"अरे देवा! ही तर चोराच्या उलट्या बोंबा."

"तुम्ही मला चार लोकांसमोर बोलला होतात," बाई शांतपणे म्हणाल्या.

"चुकलं, बाई."

"चार लोकांसमोर चुकलं म्हणा, कधीतरी सवडीने. आत्ता एवढंच करा, तुम्हीही झडप बसवून घ्या. आणि वर कुणाला बोलू नका."

"का? मी आत्ता जाऊन त्या बाईला..."

"काय सांगाल? ती म्हणेल, माझी नळी लख्ख आहे. तिला सांगून झालं आहे, काका. सांगून शिकत नाहीत त्यांना करून दाखवावं लागतं."

शिंपीकाकांनी हळूच मान हलवली. माणूस तसा सरळ होता, पण दिवसभर लगदा उपसल्यावर सरळ माणसालाही दुसऱ्याच्या घरात लगदा पाहायची इच्छा होते.

पुढची पाळी दुसऱ्या मजल्यावरच्या कंपाउंडरची. दवाखान्यातून निवृत्त झालेला, एकटा, नाकाने कांदे सोलणारा. बाईंच्या दारावरून जाताना तो रुमालाला औषध लावून नाकाशी धरायचा. त्याच्या सिंकातून जेव्हा पांढरे गोळे वर आले, तेव्हा तो रुमाल त्याला पुरला नाही. शिंपीकाकाच त्याला घेऊन बाईंकडे आले, आणि ते दोघं पुढच्या खोलीतल्या ठेंगण्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. बाईंनी वाटी आणली, वनस्पती वितळवलं, गार पाण्यात धरलं. कंपाउंडर पाहत राहिला.

"हे असं रक्तवाहिन्यांत होतं ना, बाई, तर माणूस जातो."

"नळीत झालं तर बालवर्ग जातो."

त्यानंतर कंपाउंडरकडेही झडप बसली. नळवाला एकेक मजला वर चढत होता आणि त्याला गंमत वाटायला लागली होती. "बाई, तिसऱ्या मजल्यावरही विचारू का?"

"त्यांनी विचारलं तर सांग," बाई म्हणाल्या. "त्या कुणाला काही विचारत नाहीत."

तेवढ्यात धाकटीनेच मुहूर्त काढून दिला. रविवारी सकाळी तिच्या घरी इमारतीची बैठक, विषय तळमजल्यावरचा वास आणि बालवर्ग. उरलेल्या मुलांच्या आयांनाही तिने बोलावलं. भावजी बाईंकडे निरोप घेऊन आले ते दारातच उभे राहिले, चपलेशी चाळा करत.

"वहिनी, बैठक आहे वर. ती म्हणते, वर्ग बंद करण्याचं सगळ्यांनी मिळून ठरवू, म्हणजे तुम्हालाही वाईट वाटणार नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता, भावजी?"

"मी काय म्हणणार? आमच्या घरात म्हणायचं काम तिच्याकडे आहे." ते घुटमळले. "वहिनी, खरं सांगा, वास नळीचाच आहे ना?"

क्षणभर बाईंच्या ओठांवर आलं. हा माणूस त्यांच्या हाताखाली लहानाचा मोठा झाला होता. त्याची पहिली पाटीही बाईंनीच धरून दिली होती. त्यांनी आत्ता सांगितलं असतं, तर त्याने वर जाऊन कढईचं तेल ओतू दिलं नसतं. मग बैठकीत बाईंच्या हाती उरला असता तो एक म्हाताऱ्या बाईचा शब्द, आणि त्याला धाकटीने पुन्हा वाटी-चमच्याची शाळा म्हटलं असतं.

"रविवारी येते म्हणून सांगा," त्या म्हणाल्या.

शनिवारीच वळण गच्च भरलेलं होतं. बाईंनी नळवाल्याला बोलावलं नाही. रविवारी पहाटे तिन्ही घरांनी दट्टे फिरवले. शिंपीकाकूंनी भांडी बादलीत धुतली आणि कंपाउंडरने चूळसुद्धा न्हाणीघरात भरली. उभी नळी आता खालून बंद होती, मधली तोंडं बंद होती, आणि तिच्यात पाणी सोडणारं एकच घर उरलं होतं. त्या घरात सकाळीच एक मोठी ऑर्डर तळून झाली होती. धाकटीने कढया विसळल्या, झारे धुतले, परातींवर नळ सोडून दिला. तिचं सगळं पाणी निमूटपणे नळीत साचत राहिलं, मजल्यामागून मजला, वरच्या दिशेने.

बैठकीला सगळे आले. कुरळ्या मुलीची आईही आली. धाकटीने चहा केला, खुर्च्या मांडल्या, आणि बाईंना मुद्दाम पंख्याखाली बसवलं, आजारी माणसाला बसवतात तसं.

"जाऊबाई मला मोठ्या बहिणीसारख्या," तिने सुरुवात केली. "त्यांच्याविषयी बोलताना जीभ रेटत नाही. पण लेकरांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. माझ्या घरात बघा, एवढं तळण होतं, येतो का कुठे वास? मनावर घेतलं की सगळं..."

स्वयंपाकघरातून आवाज आला. गुळुक्. मग पुन्हा, जरा मोठा.

शिंपीकाकांनी चहाचा कप तोंडापुढे धरला. कंपाउंडर पंख्याकडे पाहू लागला.

"सिंकमध्ये पाणी साचलंय गं," भावजी आतून म्हणाले.

"साचेना! माझी नळी तुंबत नसते." धाकटी उठली, आयांकडे वळून हसली. "बघा, हेच मी जाऊबाईंना सांगत असते. एक पातेलं उकळतं पाणी ओतलं की दोन मिनिटांत मोकळं. आमच्या सासूबाईंची युक्ती आहे."

शेगडीवर पाणी उकळतच होतं. तिने फडक्याने पातेलं उचललं. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरले. मूल गरम भांड्याशी गेलं की ओरडायची त्यांच्या जिभेला उभ्या जन्माची सवय. ती जीभ त्यांनी दाताखाली धरली, धाकटी भाजणार नाही एवढ्या लांब उभी आहे ना, तेवढं पाहिलं आणि गप्प राहिल्या.

पाणी पडलं. नळीच्या तोंडाशी तरंगत असलेला तेलाचा थर त्या उकळत्या पाण्याने सैल झाला. सिंक क्षणभर स्तब्ध राहिलं आणि मग उलटं भरू लागलं. कडेपर्यंत आलं, कडेवरून उतरलं, ओट्यावर पसरलं, आणि करडा लगदा फरशीवर सांडत बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्याशी आला. त्यात सकाळच्याच तळणाचा चुरा होता. वास असा उठला की आयांनी पदर तोंडाला लावले.

"हे खालून आलंय!" धाकटी किंचाळली. "ही जाऊबाईंची घाण आहे! बघितलंत? माझ्या घरापर्यंत आली!"

"वहिनी," शिंपीकाका कप खाली ठेवत म्हणाले, "बाईंच्या सिंकात पहाटेपासून थेंब पडलेला नाही. आमच्याही नाही, यांच्याही नाही. तिघांनी नळीची तोंडं बंद केली आहेत. नळीत आहे ते सगळं एकट्या तुमचं. आणि बाई, हे सगळ्यांसमोर सांगतो, त्या दिवशी जिन्यात मी चुकीचं बोललो."

धाकटी रिकामं पातेलं धरून लगद्यात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. भावजींनी वाकून एक पांढरा गोळा उचलला, उजेडात धरला आणि परत खाली टाकला.

कुरळ्या मुलीची आई दाराकडे निघाली होती. "वास तर येतोच," ती नाकावरचा पदर न काढता म्हणाली. "पण तो इथला आहे होय?"

बाई उठल्या. बोलण्यासारखं खूप साठलं होतं. पण धाकटीच्या पायांकडे पाहिल्यावर त्यांना कळलं की आता बोललं तर तिला रडायला निमित्त मिळेल.

"साबण लावू नकोस," त्या एवढंच म्हणाल्या. "त्याने पसरतं. आधी खरवडून काढ. आणि गुडघ्यांवर बसावं लागतं, उभ्याने निघत नाही."

त्या सावकाश जिना उतरल्या. मागे खरवडण्याचा आवाज सुरू झाला होता. तो ऐकायला त्या दोन मजल्यांच्या मध्ये जरा थांबल्या. गुडघे दुखत होते म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी धाकटी खाली आली. वर्ग चालू होता. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "जाऊबाई, ती नळी मोकळी करून घ्या ना. मी काय करायचं ते सांगा."

"बस," बाईंनी ठेंगण्या बाकाकडे बोट दाखवलं.

"इथे? या पोरांत?"

"प्रश्न विचारायचा असेल तर हात वर करायचा. इथे सगळे तसंच करतात."

धाकटी बसली. मुलांना नवीन मोठी विद्यार्थिनी फार आवडली. बाईंनी वाटीचा प्रयोग पुन्हा केला आणि या वेळी धाकटीला वाटीच्या भिंतीवरून बोट फिरवायला लावलं. मग विचारलं, "तेलकट ताटाचं आधी काय करायचं?"

"कागदाने पुसायचं!" मुलं ओरडली.

"आणि कढईतलं तेल?"

"डब्यात! गार झालं की कचऱ्यात!"

"सिंकात ओतायचं का?"

"नाऽऽही!"

"मागून उकळतं पाणी ओतलं तर?"

मुलं गोंधळली. त्यांना माहीत नव्हतं. बाई धाकटीकडे पाहत राहिल्या. शेवटी धाकटीने हात वर केला.

"तरी नाही ओतायचं," ती म्हणाली. "ते खाली जाऊन थिजतं."

त्याच संध्याकाळी नळवाल्याने नळी वरपासून खालपर्यंत खरवडून दिली. मुलांना न्यायला आलेल्या प्रत्येक आईला धाकटीने जिन्यापाशी उभं राहून, खिडकीतून आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की वास माझ्या तेलाचा होता. बाईंनी तेवढीच अट घातली होती. कुरळ्या केसांची मुलगी परत आली. पाठोपाठ बाकीचीही आली.

पण दुसरी एक अट बाईंनी मागाहून घातली. रोज वर्ग सुटताना धाकटीने आपला तेलाचा डबा खाली आणून दाखवायचा. झडपेचा दट्ट्या बाईंच्या ओट्याखाली आहे, हे धाकटीला पक्कं ठाऊक असल्यामुळे ती आणते. मुलांच्या रांगेत शेवटी उभी राहते. आपली पाळी आली की झाकण उघडते.

बाई डबा वाकडा करून पाहतात. तेल काठोकाठ, पुसलेले कागद दाबून भरलेले, बाहेर एक ओघळ नाही. खणात चांदण्या भरपूर आहेत. पुढच्या सगळ्या मनगटांवर चमकत असतात. धाकटीचा हात नकळत थोडा पुढे येतो.

"बरं आहे," बाई म्हणतात आणि खण लोटून देतात. "चांदणीचं उद्या बघू."